जात्यावरच्या ओव्या आणि मनाचे माप : एका मूल्यमापनाच्या नोंदी

११ जून २०२४

मुळशी तालुक्याच्या पश्चिमेकडील चार गावांत पंचावन्न वर्षांपुढील स्त्रियांसाठी ओवीगायनाची साप्ताहिक बैठक सुरू करायची आणि तिचा त्यांच्या मनःस्वास्थ्यावर काय परिणाम होतो ते तपासायचे, असे या प्रकल्पाचे स्वरूप आहे. बैठका चालवण्याची जबाबदारी संस्थेच्या दोन कार्यकर्त्या ताईंकडे आहे आणि मूल्यमापन माझ्याकडे आहे. दर मंगळवारी दुपारी, धुणीभांडी उरकल्यावर आणि गुरे घरी परतण्याच्या आधी, दीड तास बसायचे असे ठरले. मधोमध एक जाते असेल. ज्यांचे हात अजून चालतात त्या ते ओढतील आणि बाकीच्या सूर धरतील.

हेमा राईरकर आणि गी पॉइतवाँ यांनी सहकाऱ्यांसह गोळा केलेल्या एक लाखाहून अधिक ओव्यांमध्ये या तालुक्यातील बायकांच्या ओव्या मोठ्या संख्येने आहेत आणि 'पारी' या संकेतस्थळावर २०१७ पासून त्या ऐकायला व वाचायला मिळतात. त्यामुळे येथे आपण कोणती नवी कला शिकवणार नाही. विजेची गिरणी आली, जाती अंगणाच्या कडेला गेली आणि त्यांच्यासोबत जो एकांत आणि जी सोबत गेली, तिच्यासाठी पुन्हा जागा करून देणे एवढेच आपले काम आहे.

प्रस्तावात 'आनंदात वाढ' हे अपेक्षित फळ म्हणून लिहिले आहे. हा शब्द मला पहिल्या दिवसापासून खटकतो. ओवीत माहेर आहे, भाऊ आहे, विठ्ठल आहे, पण सासुरवास, सीतेचा वनवास आणि गेलेल्या माणसांची आठवणही तितकीच आहे. गाताना एखादीच्या डोळ्यांत पाणी आले, तर ते वाढ धरायचे की घट, हे आधी ठरवले नाही तर नंतर आकडे आपल्याला हवे तसे बोलू लागतील.

२० जून २०२४

प्रश्नावलीची निवड झाली. वॉरविक आणि एडिनबरा विद्यापीठांनी तयार केलेल्या मापनश्रेणीत १४ विधाने आहेत आणि गुण १४ ते ७० या दरम्यान पडतात. वाचता येणाऱ्या माणसासाठी ती उत्तम आहे, परंतु येथे प्रत्येक विधान तोंडी विचारावे लागणार असल्याने ती लांबते. म्हणून जागतिक आरोग्य संघटनेची १९९८ मधील पाच प्रश्नांची श्रेणी घेतली. गेल्या दोन आठवड्यांत आनंदी, शांत, उत्साही वाटले का, सकाळी ताजेतवाने होऊन उठलात का आणि रोजच्या आयुष्यात मन रमेल असे काही होते का, इतकेच ती विचारते. प्रत्येक उत्तराला ० ते ५ गुण मिळतात, बेरजेला चारने गुणले की १०० पैकी गुण येतात. पन्नासच्या खाली गुण आले तर त्या व्यक्तीकडे अधिक लक्ष द्यावे आणि दहा गुणांचा फरक पडला तर तो खरा बदल मानावा, असा संकेत आहे.

आज शेजारच्या, प्रकल्पात नसलेल्या वाडीवर पाच-सहा आजींना हे प्रश्न विचारून पाहिले आणि प्रत्येक प्रश्नानंतर 'तुम्हाला यातून काय समजलं?' असे विचारले. 'शांत आणि निवांत' या शब्दांपाशी पहिली अडचण आली. एक आजी म्हणाल्या, 'निवांत म्हणजे काम नसलेली. अजून तशी वेळ आली नाही माझ्यावर.' त्यांच्या लेखी निवांतपणा म्हणजे घरात आपली गरज संपणे. हा प्रश्न तसाच विचारला असता, तर सर्वांत समाधानी बाईला सर्वांत कमी गुण मिळाले असते. आता आम्ही 'जिवाला घोर नव्हता, मन शांत होतं' असे विचारणार आहोत. भाषांतर तपासणे ही औपचारिकता मानून बरेच जण ती एका दुपारी उरकतात. आजची दुपार पाहिल्यावर मला वाटते की संपूर्ण मूल्यमापनात सर्वाधिक वेळ द्यावा अशी हीच पायरी आहे.

आकड्यांचीही अशीच गोष्ट झाली. शून्य ते पाच म्हटले की शाळेतल्या परीक्षेचा भास होतो आणि कमी गुण सांगायला संकोच वाटतो. पाण्याने भरलेल्या हंड्याची सहा चित्रे काढून घेतली, रिकाम्यापासून काठोकाठ भरलेल्यापर्यंत. त्यावर बोट ठेवणे सर्वांना सहज जमले. असा बदल केल्यामुळे आपले गुण इतर देशांतील प्रसिद्ध गुणांशी थेट ताडून पाहता येणार नाहीत, हे अहवालात लिहावे लागेल. ते मला मान्य आहे.

२ जुलै २०२४

चारपैकी दोन गावांत बैठका आता सुरू होतील आणि उरलेल्या दोन गावांत दिवाळी व भातकापणीनंतर, असे आधीच ठरले होते. कोणती दोन आधी, हे चिठ्ठ्या टाकून ठरवले. उशिरा सुरुवात होणारी गावे हा तुलनेसाठीचा आपला प्रतीक्षा गट आहे. चारच गावे असल्याने चिठ्ठ्यांमुळे फार मोठा आधार मिळत नाही, तरी आपल्या सोयीने निवड झाली नाही एवढे तरी खात्रीने म्हणता येते.

आज एक गंभीर गोष्ट लक्षात आली. पहिल्या दोन गावांत नावे गोळा करताना आशाताईंना 'ज्या फार उदास असतात त्यांना आधी सांगा' असे सांगितले गेले होते. हेतू चांगलाच होता. परंतु अत्यंत वाईट काळातून जात असलेल्या माणसांना निवडले, तर त्यांतील बऱ्याच जणींचे मन काही महिन्यांनी आपोआप थोडे सावरते. फ्रान्सिस गाल्टनने १८८६ मध्ये आईवडील आणि मुलांच्या उंचीबाबत हे दाखवून दिले होते: टोकाच्या मोजणीनंतरची मोजणी सरासरीकडे सरकते. आपण फक्त गाणाऱ्या गटाचे आधीचे व नंतरचे गुण पाहिले, तर हे सावरणेही ओव्यांच्या खात्यावर जमा होईल. प्रतीक्षा गटातही अशाच पद्धतीने नावे घ्यावीत आणि दोन्हीकडे इच्छा असलेल्या इतर स्त्रियांसाठीही दार उघडे ठेवावे, असे आज बैठकीत ठरवून घेतले.

१२ जुलै २०२४

पहिली मोजणी आज संपली आणि तिच्यात माझ्या दोन चुका झाल्या आहेत.

पहिली चूक वेळेची आहे. लावणी ऐन भरात आहे. दिवसभर चिखलात वाकून रोपे लावलेल्या बाईला 'सकाळी ताजंतवानं वाटतं का?' हे विचारण्यात अर्थ नव्हता. रिकाम्या हंड्यावर बोट ठेवताना अनेकींनी दुसरा हात कमरेवर ठेवलेला मी पाहिला. नोव्हेंबरात हेच गुण वर गेलेले दिसतील, पण तो कमरेला मिळालेला विसावा असेल. मोजणी जूनमध्ये आटोपायला हवी होती. प्रश्नांच्या दुरुस्तीत दिवस गेले आणि मी तारीख पुढे ढकलण्याऐवजी घाई केली. दोन्ही गटांची मोजणी एकाच आठवड्यात झाली असल्याने तुलना पूर्ण बिघडलेली नाही, इतकाच दिलासा आहे.

दुसरी चूक अशी की एका गावात पाऊस आणि वाहनाची अडचण यांमुळे प्रश्न विचारण्याचे काम बैठक चालवणाऱ्या ताईंनीच केले. त्या गावात जवळजवळ सर्व हंडे भरलेले निघाले. ताई इतक्या लांबून, पावसात भिजत येतात, त्यांना 'बरं नाही' असे कसे सांगायचे? ही आतिथ्याची रीत आहे. तिला खोटेपणा म्हणणे अन्याय होईल. ती मोजणी बाजूला ठेवली असून, ज्या मुलीचा या बैठकांशी काहीही संबंध नाही तिच्याकडून येत्या चार दिवसांत पुन्हा करून घेत आहोत. दोन्ही नोंदी जपून ठेवणार आहे, कारण त्यांच्यातील फरक हीसुद्धा माहिती आहे.

संमतीबाबत एक शब्द. कागदावर अंगठा मागितला की सात-बाराच्या आठवणीने चेहरे बदलतात. माहिती मोठ्याने वाचून, शंका ऐकून आणि कुटुंबाबाहेरील एका साक्षीदारासमोर तोंडी संमती नोंदवण्याची पद्धत आम्ही स्वीकारली आहे.

१८ जुलै २०२४

काल आषाढी एकादशी होती. या मंगळवारच्या बैठकीला लावणीमुळे उपस्थिती निम्म्यावर आली, पण ज्या आल्या त्या ठरलेल्या वेळेनंतरही उठल्या नाहीत. एकीने ओवीचा पहिला चरण विसरला म्हणून ती थांबली, तर तिघींनी तो तीन निरनिराळ्या पद्धतींनी पुरा केला आणि कोणाचा बरोबर यावर बराच वेळ चर्चा झाली. शब्द कोणी कोणाकडून घेतला, कोणाच्या आईचा, कोणाच्या आत्याचा, अशी वंशावळ त्यातून उलगडत गेली. या निरीक्षणाला कोणत्याही रकान्यात जागा नाही, म्हणून ते येथे लिहून ठेवत आहे.

२० ऑगस्ट २०२४

या वर्षीच्या मूल्यमापनावर सर्वांत मोठी छाया कशाची असेल, हे जूनमध्ये कोणी सांगू शकले नसते. 'मुख्यमंत्री माझी लाडकी बहीण' योजनेची घोषणा जूनच्या अखेरीस झाली, जुलैभर बायका दाखले आणि बँकेच्या पुस्तकांसाठी रांगेत उभ्या होत्या आणि राखीपौर्णिमेच्या आधी जुलै-ऑगस्टचे मिळून ३००० रुपये खात्यांत जमा झाले. एवढी वर्षे स्वतःच्या नावावर काहीही नसलेल्या बाईच्या हातात दरमहा १५०० रुपये येणे ही तिच्या मनःस्वास्थ्यातील मोठी घटना आहे. नोव्हेंबरात तिचे गुण वाढले, तर त्यात ओवी किती आणि हा पैसा किती?

योजनेची वयोमर्यादा २१ ते ६५ आहे. आपल्या बैठकांतील स्त्रिया त्यामुळे आपोआप दोन भागांत विभागल्या जातात. परंतु पासष्टीपुढच्यांना पैसे मिळत नाहीत म्हणून त्यांचा बदल केवळ ओव्यांमुळे झाला, असेही म्हणता येणार नाही. त्यांच्या सुनांना पैसे मिळतात, त्याने घरातली हवा बदलते आणि ती काही घरांत सैल होते तर काही घरांत अधिक ताणलेली. एका आजींनी सांगितले, 'सुनेचं आलं, माझं नाही आलं. वयानं बहीण राहिले नाही मी.' त्यांच्या आवाजात दुखावलेपण होते. नोव्हेंबरच्या मोजणीत 'गेल्या सहा महिन्यांत घरात काय बदललं?' असा एक मोकळा प्रश्न घालणार आहे आणि योजनेचा उल्लेख आम्ही आपणहून करणार नाही.

२४ सप्टेंबर २०२४

पितृपंधरवडा चालू आहे. गेल्या तीन मंगळवारी न आलेल्या एका मावशींच्या घरी आज गेले. गळती झालेल्यांकडे जाण्याचा नियम मी आग्रहाने घालून घेतला होता, कारण शेवटपर्यंत टिकून राहिलेल्यांनाच विचारले तर उत्तर गोडच येणार. आतापर्यंत भेटलेल्यांची कारणे गुडघेदुखी, सुनेचे बाळंतपण, मुलाकडे मुंबईला जाणे, अशी होती. एका घरी मुलाला आईचे चारचौघांत गाणे आवडत नव्हते.

या मावशींचे कारण निराळे होते. त्यांचा मुलगा काही वर्षांपूर्वी गेला. लेकाच्या ओव्या सुरू झाल्या की बाकीच्या ज्या ओढीने गातात, ती त्यांना सोसवत नाही. 'तिथून आलं की दोन दोन दिवस जेवण जात नाही,' असे त्या शांतपणे म्हणाल्या. मी त्यांना शासनाच्या टेलिमानस या मानसिक आरोग्याच्या दूरध्वनी सेवेचा १४४१६ हा क्रमांक दिला आणि ग्रामीण रुग्णालयातील समुपदेशकाकडे सोबत येण्याची तयारी दाखवली. त्यांनी ती नाकारली आणि त्यांचा नकार मी मानला. मग त्यांनीच विचारले, 'न गाता बसलं तर चालेल का?'

ही नोंद मी अहवालात 'अपाय' या मथळ्याखाली घेणार आहे. कलेच्या उपक्रमांच्या अहवालांत हा मथळा क्वचितच आढळतो. गाणे हे औषधासारखे काम करते असे आपण म्हणत असू, तर औषधाचा त्रास कोणाला झाला हे विचारणे आपल्यावर बंधनकारक आहे.

८ ऑक्टोबर २०२४

मावशी पुन्हा येऊ लागल्या आहेत. दाराजवळ बसून त्या वाती वळतात आणि लेकाच्या ओव्या सुरू झाल्या की उठून बाहेर जातात. आता आणखी दोघी आपापला कापूस घेऊन त्यांच्याजवळ बसतात. ताईंनी प्रत्येक बैठकीच्या सुरुवातीला आज कोणत्या विषयाच्या ओव्या घ्यायच्या हे सर्वांना विचारण्याची पद्धत सुरू केली आहे.

१२ नोव्हेंबर २०२४

दुसरी मोजणी चारही गावांत पूर्ण झाली. भात बऱ्याच अंशी कापून झाले आहे, दिवाळीसाठी मुले-नातवंडे येऊन गेली आहेत आणि गावागावांत विधानसभेच्या प्रचाराच्या गाड्या फिरत आहेत. अपेक्षेप्रमाणे दोन्ही गटांचे गुण वाढले आहेत. लावणी संपली, दिवाळी झाली, हातात किंवा घरात पैसा आला. प्रतीक्षा गटाला हे सर्व मिळाले, फक्त ओवी मिळाली नाही आणि तरीही त्यांचा हंडा जुलैपेक्षा भरलेला आहे. गाणाऱ्या गटाची वाढ त्याहून थोडी अधिक आहे. हा जास्तीचा फरक दहा गुणांच्या संकेतापर्यंत पोहोचत नाही.

बायकांचे गुण एकेक करून कागदावर रेषांनी जोडले, तेव्हा सरासरीत लपलेले चित्र दिसले. बहुतेक रेषा किंचित वर जातात, काही सपाट आहेत, दोन-तीन खाली येतात आणि मोजक्या रेषा उंच उडी घेतात. उंच उडी घेणाऱ्या जवळजवळ सर्व जणी एकट्या राहणाऱ्या आहेत. इतक्या कमी माणसांवरून नियम काढणे चुकीचे होईल, परंतु पुढे कोठे पाहायचे ते यातून कळते.

२६ नोव्हेंबर २०२४

प्रतीक्षा गावांत आज पहिली बैठक झाली. त्यांना वाट पाहायला लावल्याचा संकोच माझ्या मनात होता, पण पहिल्याच दिवशी तेथील बायकांनी पहिल्या गावांत जमवलेल्या ओव्या म्हणून दाखवल्या. आठवड्याच्या बाजारातून आणि लेकीबाळींच्या येण्याजाण्यातून त्या आधीच पोहोचल्या होत्या. मूल्यमापनाच्या दृष्टीने हा झिरपण्याचा दोष आहे, कारण तुलनेचा गट पूर्णपणे कोरडा राहिला नाही आणि त्यामुळे खरा परिणाम कमी दिसला असण्याची शक्यता आहे. ओवीच्या दृष्टीने मात्र तिचा स्वभाव हाच आहे आणि ती पसरू नये अशी व्यवस्था करणे मला जमले असते तरी मी ती केली नसती.

२१ जानेवारी २०२५

रिक डेव्हिस यांनी बांगलादेशातील ग्रामीण विकास कार्यक्रमासाठी १९९० च्या दशकात मांडलेली 'सर्वांत लक्षणीय बदल' ही पद्धत आम्ही पहिल्या दोन गावांत वापरली. प्रत्येकीने आपल्यात किंवा गावात झालेला एक बदल सांगायचा आणि त्यांतील सर्वांत मोलाचा कोणता, हे बायकांनीच चर्चा करून निवडायचे. या पद्धतीची मर्यादाही ठाऊक असावी: ती चांगल्या गोष्टी वर आणते आणि सर्वसाधारण अनुभव मागे ठेवते. म्हणून ती मोजणीच्या जोडीला ठेवली आहे. मोजणीच्या जागी ती चालणार नाही.

झोप लागते, सुनेशी बोलणे वाढले, नातीने वहीत ओव्या उतरवून घेतल्या, असे बरेच सांगितले गेले. निवडलेला बदल मात्र माझ्या कोणत्याही यादीत नव्हता. संक्रांतीनंतरच्या हळदीकुंकवाला या वेळी बैठकीतील बायकांनी विधवांनाही ओळीत बसवले, वाण दिले आणि पहिली ओवी त्यांच्यापैकी एकीला सुरू करायला सांगितली. कोल्हापूर जिल्ह्यातील हेरवाड ग्रामपंचायतीने मे २०२२ मध्ये विधवा प्रथेविरुद्ध ठराव केला आणि त्याच महिन्यात राज्य शासनाने त्याबाबत परिपत्रक काढले, हे येथे कोणी ऐकले नव्हते. आठवड्यामागून आठवडे एकाच जात्याभोवती बसल्यावर हळदीकुंकवाला वेगळे बसवायचे कसे, इतकाच त्यांचा विचार होता. पहिली ओवी म्हणणाऱ्या आजींचे नोव्हेंबरमधील गुण जुलैइतकेच होते. कोणतीही प्रश्नावली त्यांना 'तुम्हाला ओळीत बसायला बोलावलं का?' असे विचारत नाही.

११ फेब्रुवारी २०२५

निधी देणाऱ्या कंपनीच्या प्रतिनिधींसोबत आज बैठक झाली. त्यांना 'मनःस्वास्थ्यात इतके टक्के वाढ' असे एक वाक्य हवे आहे आणि त्यासाठी गाणाऱ्या गटाचे जुलै व नोव्हेंबरचे गुण पुरेसे वाटतात. ते वाक्य लिहायला अगदी सोपे आहे आणि ते खोटे ठरेल, कारण त्या वाढीचा मोठा भाग लावणीचा थकवा उतरण्यासारख्या इतर गोष्टींतून आलेला आहे, हे प्रतीक्षा गट दाखवतो.

त्यांनी इंग्लंडमधील एका अभ्यासाचा दाखला दिला. तो अभ्यास चांगला आहे: पूर्व केंट भागातील साठीपुढच्या २५८ जणांची चिठ्ठीपद्धतीने विभागणी करून समूहगायनाचा परिणाम तपासला गेला आणि २०१५ मध्ये तो प्रसिद्ध झाला. गाणाऱ्यांच्या मानसिक स्वास्थ्याशी निगडित जीवनमानात तीन महिन्यांनी स्पष्ट फरक आढळला. सहा महिन्यांनी तो कमी झाला होता, पण टिकून होता. मी त्यांना याच शेवटच्या भागाकडे लक्ष द्यायला सांगितले. बैठका थांबल्यावर फरक ओसरत असेल, तर तीन महिन्यांच्या उपक्रमांना निधी देऊन पुढच्या गावी निघून जाण्याच्या पद्धतीचाच फेरविचार व्हायला हवा. जागतिक आरोग्य संघटनेच्या युरोप विभागाने २०१९ मध्ये कला आणि आरोग्य यांवरील ९०० हून अधिक प्रकाशनांचा आढावा घेतला आहे; कलेचा उपयोग होतो की नाही हा प्रश्न आता आपल्या चार गावांनी सोडवायचा राहिलेला नाही. कोणाला, कशामुळे आणि किती काळ, हे सांगण्यात आपण भर घालू शकतो.

टक्केवारीऐवजी दोन्ही गटांच्या सर्व रेषा एकाच पानावर छापाव्यात आणि शेजारी लावणी, दिवाळी व योजनेचे पैसे यांच्या तारखा दाखवाव्यात, यावर शेवटी एकमत झाले. प्रतिनिधींपैकी एका बाईंनी तो कागद बराच वेळ पाहिला आणि खाली गेलेल्या रेषा कोणाच्या आहेत असे विचारले. नावे सांगता येत नव्हती, पण हा प्रश्न ऐकून मला बरे वाटले.

२५ फेब्रुवारी २०२५

अहवालाचा मसुदा चारही गावांत वाचून दाखवून झाला. पहिल्या गावात 'आनंद' हा शब्द आला तेव्हा एका आजींनी मला थांबवले. 'आनंद लग्नात होतो. हितं जीव मोकळा होतो,' असे त्या म्हणाल्या आणि बाकीच्यांनी माना डोलावल्या. मावशी दाराजवळच होत्या. रडू आले तरी जीव मोकळा होतो का, असे मी विचारले. त्यावर एकीने सांगितले की एकटीने रडले तर होत नाही, जात्यापाशी होतो. मावशी म्हणाल्या की त्यांचा अजून होत नाही, पण बसायला यावेसे वाटते.

ही दोन्ही उत्तरे मसुद्यात जशीच्या तशी घेतली आहेत. 'आनंदात वाढ' हे शब्द प्रस्तावातून काढले आहेत. पुढील मोजणीत पाच प्रश्नांसोबत 'गेल्या दोन आठवड्यांत जीव मोकळा झाला असं कधी वाटलं?' आणि 'तेव्हा जवळ कोण होतं?' हे दोन प्रश्न असतील; त्यांची चाचणी मार्चमध्ये शेजारच्या वाडीवर करायची आहे. बैठका पावसाळ्यातही चालू राहतील. मोजणीसाठी जूनचा पहिला आठवडा आणि लावणी संपल्यानंतरचा आठवडा अशा दोन वेळा ठरवल्या असून, लावणी कधी संपली हे गावातील बायकांनी फोन करून कळवायचे आहे.